संरक्षण अधिकाऱ्यांची पहिली भेट

प्रतिनिधी

'घरातले भांडण चव्हाट्यावर कशाला?' या एका प्रश्नापाशी अनेक स्त्रिया वर्षानुवर्षे अडून राहतात. धीर करून कार्यालयाच्या दारापर्यंत गेले, तरी आत काय विचारतील या धास्तीने पाऊल मागे फिरते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्यानुसार नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांच्या पहिल्या भेटीत काय घडते, याची ही माहिती.

कोणाला जाता येते?

केवळ पत्नीलाच नव्हे, तर एकाच घरात राहणाऱ्या वा राहिलेल्या आई, बहीण, विधवा सून, तसेच विवाहसदृश संबंधातील स्त्रीलाही दाद मागता येते. शेजारी वा नातेवाईकही माहिती देऊ शकतात. सद्हेतूने दिलेल्या माहितीबद्दल त्यांच्यावर कारवाई होत नाही. तक्रार तोंडी असेल तर अधिकाऱ्याने ती लिहून घेऊन प्रत विनामूल्य द्यावी, असा नियम आहे.

काय विचारतात?

नाव, राहत्या घराचा पत्ता, मुलांची वये आणि त्रास देणाऱ्याशी असलेले नाते ही माहिती प्रथम नोंदविली जाते. त्यानंतर प्रत्येक प्रसंगाची तारीख, वेळ व ठिकाण विचारतात. नेमकी तारीख आठवत नसेल, तर सणवार वा मुलांच्या परीक्षेच्या आधारे सांगावे. अंदाजाने खोटी तारीख देऊ नये. मारहाणीबरोबरच लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक छळाचीही नोंद होते. घरखर्चाला पैसे न देणे, पगार काढून घेणे, मूल वा मुलगा होत नाही म्हणून हिणवणे हीदेखील कायद्याने हिंसाच आहे. काही प्रश्न संकोच वाटण्याजोगे असतात. ते एकांतात विचारावेत, अशी विनंती जरूर करावी.

सोबत काय न्यावे?

डॉक्टरांची चिठ्ठी, वैद्यकीय प्रमाणपत्र, स्त्रीधनाची यादी, पूर्वीच्या तक्रारीची प्रत हाताशी असल्यास न्यावी. मात्र कागद नाहीत म्हणून जाणे लांबवू नये.

पुढे काय?

अधिकारी 'कौटुंबिक घटना अहवाल' तयार करतात. त्याची प्रत दंडाधिकाऱ्यांकडे आणि संबंधित पोलीस ठाण्याकडे जाते. हा अहवाल म्हणजे पोलिसांतील गुन्ह्याची नोंद नव्हे. पती वा सासरच्यांच्या क्रूरतेबद्दलची फौजदारी तक्रार (पूर्वीचे कलम ४९८ अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८५) स्वतंत्रपणे करता येते. महिलेची इच्छा असल्यास संरक्षण, निवास, निर्वाहखर्च व मुलांचा ताबा यांसाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला जातो. पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांच्या आत व्हावी आणि त्या तारखेपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात विलंबाची तयारी ठेवावी. मोफत वकील, निवारागृह आणि वैद्यकीय उपचार यांची माहिती देणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे.

हे विसरू नका

भेटीनंतर त्याच घरी परतणार असाल, तर ते स्पष्ट सांगावे. त्यानुसार सुरक्षिततेची योजना आखता येते. घरच्यांच्या हाती न लागणारा दूरध्वनी क्रमांकच द्यावा. तडजोडीस होकार देण्याची सक्ती नाही. अहवालावर सही करण्यापूर्वी तो वाचून घ्यावा, वाचता येत नसेल तर वाचून दाखविण्यास सांगावे. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन आहे.