खावटी अनुदान योजना

पावसाळ्यात घरातले धान्य संपलेल्या, हाताला काम नसलेल्या आदिवासी कुटुंबांसाठी महाराष्ट्र शासनाने राबवलेली मदत योजना. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची असलेल्या नंदुरबार जिल्ह्यात तिची गरज फार खरी आहे. धडगाव, अक्कलकुवा भागात भिल्ल व पावरा कुटुंबांची डोंगरउतारावरची शेती पावसावर चालते. गाठीचा पैसा पेरणीत जातो आणि नवे पीक येईपर्यंतचे महिने उसनवारीवर किंवा सावकाराच्या दारात काढावे लागतात.

१९७८ मध्ये योजना सुरू झाली ती कर्ज म्हणून. आदिवासी विकास महामंडळामार्फत निम्मी मदत रोख व निम्मी वस्तुरूपात मिळे. त्यातील ७० टक्के भाग फेडायचा असे. चार युनिटांपर्यंतच्या (युनिट म्हणजे कुटुंबातील माणसे मोजण्याचे माप) कुटुंबाला २,०००, आठपर्यंत ३,००० आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ४,००० रुपये असा दर होता. पुढे ही योजना बंद पडली.

२०२० च्या टाळेबंदीत मजुरी थांबली, तेव्हा ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने ती एका वर्षासाठी संपूर्ण अनुदान म्हणून पुन्हा सुरू केली. आदिवासी विकासमंत्री अक्कलकुव्याचे आमदार के. सी. पाडवी होते. राज्यातील ११.५५ लाख कुटुंबांसाठी ४८६ कोटी रुपये मंजूर झाले. प्रत्येक कुटुंबाला २,००० रुपये खात्यात आणि तेवढ्याच किमतीची मटकी, चवळी, डाळी, तेल, साखर, मीठ, मिरची असा किराणा द्यायचा होता. वस्तूंचे वाटप मात्र २०२१ च्या पावसाळ्यापर्यंत लांबले. भुकेच्या हंगामासाठीची मदत एक हंगाम उशिरा पोहोचावी, हा योजनेचा सर्वांत गंभीर दोष होय. रोख रकमेसाठी निविदा, गोदाम, मालमोटार काहीच लागत नाही. बियाणे घ्यायचे, औषध आणायचे की उसने फेडायचे, हे घरातल्या बाईला ठरवता येते. म्हणून सगळीच मदत रोख असती, तर अधिक बरे झाले असते.

रोख रक्कम हातात पडायलाही रस्ता लागतो. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली (ता. शहादा) येथे दिले गेले आणि आधारजोड खात्यात पैसे थेट येऊ लागले, तरी नर्मदाकाठच्या पाड्यावरून बँकेत जाऊन यायचे तर दिवस मोडतो, मजुरी बुडते.

लाभार्थ्यांत आदिम जमाती, पारधी, वनहक्कधारक, विधवा, परित्यक्ता, भूमिहीन यांच्यासोबत २०१९-२० मध्ये रोजगार हमीवर किमान एक दिवस काम केलेले मजूर होते. ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेल्या ज्या मजुराची हजेरीपटावर एकही नोंद नव्हती, त्याला या निकषाचा उपयोग नव्हता. इतर गटांत तो बसत नसेल, तर आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाने गरजू म्हणून निवडण्यावरच त्याची भिस्त राहिली.