चोराच्या मनात चांदणं

१९९८ हे वर्ष म्हणजे कॉम्प्युटर गेमवाल्यांची दिवाळीच होती. पण तेव्हा फर्स्ट पर्सन गेम म्हणजे हातात बंदूक आणि दिसेल त्याला गोळी, असा साधा हिशोब. त्या वर्षअखेरीस अमेरिकेतल्या केंब्रिजच्या लुकिंग ग्लास स्टुडिओने 'थीफ: द डार्क प्रोजेक्ट' काढला आणि हा हिशोबच उलटा केला. नायक गॅरेट तलवारबाजीत यथातथाच. दोन पहारेकरी एकदम अंगावर आले की खेळ खलास! त्याचा खरा आधार एकच, अंधार. (लपूनछपून खेळायचे 'टेन्चू' आणि 'मेटल गिअर सॉलिड' त्याच वर्षी प्लेस्टेशनवर आले. पण त्यांत आपण नायकाला बाहेरून बघतो, इथे चोर आपणच.)

आता पाव शतक उलटल्यावर तो परत लावला तर?

खरं सांगायचं तर दिसायला भयंकर म्हातारा झालाय. चेहरे म्हणजे खोक्यावर चिकटवलेले फोटो, चाल कळसूत्री बाहुल्यांची. थडग्यांमधली झोंबींची लेव्हल तेव्हाही अनेकांना खटकली होती, आज तर कंटाळाच येतो. पण दिवे घालवा, हेडफोन लावा आणि दहा मिनिटं द्या. मग गंमत कळते.

स्क्रीनच्या तळाशी एक रत्न असतं. तुम्ही जितके उजेडात, तितकं ते उजळतं. चोराच्या मनातलं चांदणं अक्षरशः डोळ्यासमोर! पाण्याचा बाण मारून मशाल विझवायची, की रत्न काळं आणि जीव भांड्यात. लोखंडी जाळीवर पाऊल पडलं की खणखणाट, गालिच्यावर चिडीचूप. गालिचा नसेल तर शेवाळाचा बाण मारून मऊ वाट करायची.

यामागची इंजिनिअरिंग मला सगळ्यात आवडते. गेममध्ये खोल्या आणि त्यांना जोडणाऱ्या वाटांचा एक छुपा नकाशा आहे. आवाज भिंत फोडून सरळ येत नाही, दारांतून वळणं घेत पोचतो. आणि हाच नियम पहारेकऱ्याच्या कानांनाही लागू! तुम्हाला त्याची पावलं ज्या वाटेने ऐकू येतात, त्याच वाटेने तुमची त्याला. डोळ्यांचंही तसंच: उजेड किती, तुमची हालचाल किती, तुम्ही किती उघड्यावर, यावरून त्याचा संशय पायरीपायरीने चढतो. आणि प्रत्येक पायरीला तो स्वतःशी काहीतरी पुटपुटतो. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोग्रामने आपला लॉग मोठ्याने वाचून दाखवावा, तसं.

हे सहज झालं नाही बरं का. लीड प्रोग्रॅमर टॉम लेनर्डने १९९७च्या अखेरीस एआयचा बराचसा कोड टाकून देऊन नव्याने लिहायला घेतला. म्हणजे रिलीजला जेमतेम वर्ष उरलेलं असताना! असा निर्णय घ्यायला काय छाती लागते, ते डेडलाइनखाली काम केलेल्यांना सांगायला नको.

तर मुद्दा असा, की 'थीफ' टिकलाय तो प्रामाणिकपणामुळे. पहारेकऱ्याला जे दिसायला-ऐकायला हवं तेवढंच कळतं, आणि आपल्यालाही. २०१४च्या नव्या 'थीफ'मध्ये 'फोकस' नावाची दृष्टी आली, उपयोगाच्या वस्तू चमकवून दाखवणारी. सोयीचं आहे खरं, पण मग कान कोण टवकारणार? जुन्या गेममध्ये हाती काय, तर ओबडधोबड नकाशा. बाकी सगळं ऐकून, थांबून, श्वास रोखून शोधायचं. ती भीती ग्राफिक्सवर अवलंबून नव्हतीच, म्हणून ती जुनी झाली नाही.

लुकिंग ग्लास मात्र टिकला नाही. मार्च २०००मध्ये 'थीफ २' आला आणि मे महिन्यात स्टुडिओला टाळं लागलं. मग गेम जगवला तो चाहत्यांनी. २०१२ साली नेटवर एक अनधिकृत पॅच अवतरला, त्यामुळे नव्या मशीनवर तो नीट चालू लागला. आणि २०२३मध्ये, पंचवीस वर्षं झाली म्हणून, 'द ब्लॅक परेड' नावाची अख्खी नवी मोहीम चाहत्यांनी फुकट दिली. कंपनी गेली, पण तिने घालून दिलेल्या नियमांवर लोक अजून नवे वाडे बांधतायत.

खेळणार असाल तर पहिलंच मिशन, लॉर्ड बॅफर्डचा वाडा, एक्स्पर्टवर खेळा. तिथे माणूस मारला की मिशन फेल. आणि हो, हेडफोन विसरू नका!