कामकरी कुत्र्यांचा आहार : कोरडे खाद्य आणि कच्चे मांस

मेंढ्या राखणे, बर्फावर स्लेज ओढणे, शिकार, शर्यत, पहारा किंवा वासावरून माग काढणे यांपैकी एखादे काम नियमितपणे करणाऱ्या कुत्र्यांना द्यायचे अन्न. घरी पाळलेल्या कुत्र्याच्या तुलनेत अशा कुत्र्याची ऊर्जेची गरज कामानुसार थोडी किंवा कितीतरी पटींनी वाढते, आणि अन्नातली चूक त्याच्या कामात लगेच दिसते. हे अन्न कारखान्यातले कोरडे दाणे असावेत की कच्चे मांस, हा वाद ऑस्ट्रेलियन पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांच्या १९९३ सालच्या ‘गिव्ह युवर डॉग अ बोन’ या पुस्तकानंतर जगभर पेटला. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, तेव्हा त्याला कच्चे मांस आणि कच्ची हाडेच द्यावीत, असे एक बाजू म्हणते. दाण्यांमध्ये सर्व पोषकद्रव्ये मोजून घातलेली असतात, मग मांस हवे कशाला, असे दुसरी. दोन्ही बाजू कुत्र्याच्या कामाविषयी फार कमी बोलतात. निवड करताना खरे तर दोन गोष्टी आधी पाहायला हव्यात : त्या कामाला किती व कशातून मिळणारी ऊर्जा लागते, आणि हाती असलेले मांस कोणत्या जनावराचे, कुठून आलेले आहे.

कोरड्या खाद्याची सुरुवात इंग्लंडमधली. जेम्स स्प्रॅट हा अमेरिकी विक्रेता १८६०च्या सुमारास लंडनला गेला असता गोदीत फेकलेली जहाजावरची कडक बिस्किटे कुत्री खाताना त्याने पाहिली, असे सांगतात. गहू, भाज्या, बीट आणि सुकवलेले मांस यांची बिस्किटे त्याने बाजारात आणली. पुढे आपल्या नावाचे प्रसिद्ध श्वानप्रदर्शन भरवणारा चार्ल्स क्रफ्ट त्याच्याच पेढीत नोकरीला होता. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याची टंचाई झाली, डबाबंद मांस मागे पडले आणि कोरड्या खाद्याला वाट मिळाली. आजचे फुगीर दाणे १९५७ मध्ये अमेरिकेत प्युरिना कंपनीने आणले. धान्य, मांसाची पूड आणि पाणी यांचा लगदा वाफेवर व दाबाखाली शिजवून साच्यातून बाहेर ढकलतात. दाब सुटताच तो फुगतो, मग वाळवून त्यावर चरबी फवारतात. दाणा आकार धरून राहावा म्हणून त्यात पिठूळ भाग घालावाच लागतो. कोरड्या खाद्याचा स्वस्तपणा आणि त्याची मर्यादा, दोन्हींचे मूळ इथे आहे.

हे पीठ कुत्र्याला पचत नाही, हा समज टिकत नाही. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवले, की स्टार्च पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. शेतीवाडीजवळ राहिलेल्या माणसाबरोबर कुत्र्याचे पचनही बदलले. धनगराच्या कळपामागे भाकरतुकड्यावर आणि ताकावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेला कुत्रा याची साक्ष आहे. मात्र सगळ्या जाती सारख्या नाहीत. सायबेरियन हस्कीसारख्या, शेती न करणाऱ्या प्रदेशातल्या कुत्र्यांत या प्रती बऱ्याच कमी आढळतात.

ऊर्जेचा हिशेब स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांवर सर्वांत चांगला झालेला आहे, म्हणून तो सविस्तर पाहणे योग्य. स्वस्थ पडलेल्या कुत्र्याची दिवसाची गरज काढण्यासाठी त्याच्या किलोतील वजनाचा ०.७५ हा घात घेऊन त्याला ७० ने गुणतात. २५ किलोच्या कुत्र्याला त्यानुसार सुमारे ७८० किलोकॅलरी लागतात. अलास्कातील ४९० किलोमीटरच्या एका शर्यतीत कडाक्याच्या थंडीत धावणाऱ्या कुत्र्यांचा खर्च मोजला गेला, त्याचे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. तो दिवसाला सुमारे ११,००० किलोकॅलरी भरला. म्हणजे स्वस्थ गरजेच्या चौदा पट. साध्या कोरड्या खाद्याच्या एका किलोत सुमारे ३,५०० किलोकॅलरी असतात, म्हणजे तीन किलोंहून जास्त दाणे द्यावे लागतील. बिनचरबीच्या मांसाच्या किलोत जेमतेम १,२०० किलोकॅलरी, कारण त्यात जवळजवळ सत्तर टक्के पाणीच असते. ते नऊ किलो लागेल. २५ किलोचा कुत्रा यांतले काहीच खाऊन पचवू शकत नाही. उत्तर चरबीत आहे. ती पिठाच्या किंवा प्रथिनाच्या दुपटीहून अधिक ऊर्जा देते, आणि कुत्र्याचे स्नायू तासन्‌तास चालणाऱ्या कामात मुख्यतः चरबीच जाळतात.

डेव्हिड क्रॉनफेल्ड यांनी १९७०च्या दशकात शर्यतीच्या स्लेज कुत्र्यांवर काम केले. पिठूळ आहारावर काही कुत्री ताठरून चालत. पिठाच्या जागी चरबी आणि प्रथिने वाढवल्यावर ती मोकळी झाली. १९७७च्या त्यांच्या अभ्यासात पीठ अजिबात न घातलेल्या आहारावरच्या कुत्र्यांच्या रक्तात तांबड्या पेशींची वाढ सर्वाधिक होती. आर्ली रेनल्ड्स यांनी १९९९ मध्ये प्रथिनांचे प्रमाण कमीजास्त करून पाहिले, तेव्हा सर्वांत कमी प्रथिने मिळालेल्या गटात स्नायू-सांध्यांच्या दुखापती झाल्या. कच्च्या मांसाचे पुरस्कर्ते या निष्कर्षांचा नेहमी आधार घेतात. पण त्यांतून सिद्ध होते ते चरबी व प्रथिनांचे महत्त्व, कच्चेपणाचे नाही. तीच चरबी आणि तीच प्रथिने जास्त ऊर्जेच्या दाण्यांतूनही देता येतात.

अँकरेज ते नोम अशी सुमारे १,६०० किलोमीटरची इडिटारॉड ही शर्यत १९७३ पासून होते. तिथले अनुभवी चालक दोन्हींचा मेळ घालतात. तळाला जास्त चरबीचे दाणे, त्यात बीफ, सॅमन, कोंबडीची कातडी आणि निव्वळ चरबी, आणि हे सगळे कोमट पाण्यात भिजवून पातळ केलेले. थंडीत कुत्रे तहान लागूनही पाणी पुरेसे पीत नाहीत. मांसाचा वास लागलेले पाणी मात्र चाटून संपवतात. धावतानाच्या थांब्यावर गोठलेल्या मांसाचे तुकडे देतात. तिथे मांस नासण्याची भीती नसते, आणि ही सवलत उष्ण देशांना नाही हे विसरू नये. ध्रुवीय मोहिमांचा अनुभवही असाच आहे. दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या आमुनसेनच्या कुत्र्यांना १९११ मध्ये तळावर सीलचे ताजे मांस आणि वाटेत पेमिकन, म्हणजे सुके मांस व चरबी यांची वडी, मिळत असे. काही कुत्री ठरवून मारून इतरांना खाऊ घातली गेली. त्याआधी स्कॉटच्या अंटार्क्टिकावरील ‘डिस्कव्हरी’ मोहिमेत कुत्र्यांसाठी नॉर्वेचा सुकवलेला मासा नेला होता. तो बिघडलेला निघाला, आणि १९०२–०३च्या दक्षिणेकडील प्रवासात नेलेल्या कुत्र्यांपैकी एकही जिवंत परतले नाही. कोरडे अन्न आपोआप निर्धोक ठरत नाही, याचे हे फार महागात पडलेले उदाहरण.

शर्यतीचा ग्रेहाउंड याच्या अगदी उलट टोकाला आहे. त्याचे काम अर्ध्या-पाऊण मिनिटाचे. त्या झेपेत स्नायूंतला साठवलेला ग्लायकोजन जळतो. फ्लॉरिडा विद्यापीठातील प्रयोगांत जास्त प्रथिनांच्या आहारावर ग्रेहाउंड किंचित मंदच धावले. तरीही अमेरिकेतल्या शर्यतींच्या खुराड्यांत वर्षानुवर्षे रोगट, मेलेल्या जनावरांचे कच्चे मांस घातले जाई, कारण ते स्वस्त होते. ग्रेहाउंडमध्ये कातडीवर व्रण आणि मूत्रपिंड निकामी होणे असा जो रोग दिसला, त्याचा संबंध या मांसातील ई. कोलाय जिवाणूंच्या विषाशी जोडला गेला आहे. माग काढणाऱ्या व स्फोटके हुंगणाऱ्या कुत्र्यांची गोष्ट आणखी निराळी. त्यांचे पळणे बेताचे, पण धाप लागलेल्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही. अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठाच्या २०१४च्या अभ्यासात आहारात मक्याचे तेल घातल्यावर अशा कुत्र्यांची वास ओळखण्याची क्षमता सुधारली.

एवढ्यावरून मांसाची बाजू पडली असे म्हणता येणार नाही. न्यूझीलंडमध्ये झालेल्या २०१७च्या एका अभ्यासात कच्च्या लाल मांसावरच्या कुत्र्यांना प्रथिने व ऊर्जा दाण्यांवरच्या कुत्र्यांपेक्षा अधिक पचली, आणि त्यांची विष्ठाही बरीच कमी झाली. पण त्याच देशाने कच्च्या मांसाची खरी किंमतही मोजली आहे, आणि या नोंदीत सर्वांत जपून वाचावा असा भाग तो आहे.

इकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस हा काही मिलिमीटरचा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. कुत्र्याला त्याचा त्रास जवळजवळ होत नाही. विष्ठेतून पडलेली अंडी गवतावरून मेंढीच्या आणि हातातोंडातून माणसाच्या पोटात जातात, आणि यकृतात व फुप्फुसात पाण्याने भरलेल्या हायडॅटिड गाठी वाढू लागतात. माणसात त्या वर्षानुवर्षे कळत नाहीत. अशी मेंढी कापली आणि तिचे काळीज-फुप्फुस कुत्र्याने कच्चे खाल्ले, की चक्र पूर्ण होते. आइसलँडमध्ये हा रोग घराघरांत होता. डॅनिश वैद्य हाराल्ड क्राबे १८६३ मध्ये तिथे गेले, कुत्री चिरून कृमी दाखवले, आणि कुत्र्याला कच्ची आतडी-काळीज देऊ नये हे सांगणारी पुस्तिका पुढच्या वर्षी घरोघर वाटली गेली. प्रभावी औषध नव्हते, तरी त्या सवयबदलाने रोग हटत गेला. वाचनाची गोडी असलेल्या समाजाने एका पुस्तिकेच्या बळावर एवढा रोग मागे रेटावा, याचे आजही कौतुक वाटते.

न्यूझीलंडमध्ये हंटअवे आणि हेडिंग डॉग या मेंढपाळी कुत्र्यांना म्हाताऱ्या मेंढ्यांचे मांस घालण्याची प्रथा जुनी. तिथे १९५९ मध्ये हायडॅटिडविरोधी कायदा झाला. कृमीला अंडी घालण्याइतके वाढायला सुमारे सहा आठवडे लागतात, म्हणून दर सहा आठवड्यांनी कुत्र्यांना औषध पाजले जाई. देशाने २००२ मध्ये हा रोग तात्पुरता नाहीसा झाल्याचे जाहीर केले. तरी नियम उठलेला नाही : काळीज, फुप्फुसे, वजडी असा भाग किमान अर्धा तास उकळल्याशिवाय कुत्र्याला द्यायचा नाही. मेंढीचे मांस द्यायचे असेल तर ते शिजवावे, नाहीतर उणे १० अंश सेल्सिअसला किंवा त्याहून थंड असे दहा दिवस गोठवावे, असा तिथला दंडक आहे. तो टीनिया ओव्हिस या दुसऱ्या पट्टकृमीसाठी. माणसाला त्याची बाधा होत नाही, पण मेंढीच्या मांसात त्याच्या गाठी झाल्या की निर्यातीचे मांस फेकावे लागते.

गोठवण्याने कृमींच्या गाठी मरतात. साल्मोनेलासारखे जिवाणू मरत नाहीत. कुत्रा स्वतः धडधाकट राहून ते विष्ठेतून बाहेर टाकत राहतो आणि धोका त्याला हाताळणाऱ्याला, घरातल्या मुलांना व वृद्धांना होतो. रुग्णालयांत जाणाऱ्या कुत्र्यांची नोंदणी करणाऱ्या अमेरिकेतील एका मोठ्या संस्थेने २०१० पासून कच्च्या मांसावरची कुत्री घेणे याच कारणाने बंद केले. कच्च्या डुकराच्या मांसातून होणारा ऑजेस्कीचा रोग युरोपातील शिकारी कुत्र्यांना हमखास मारतो. इंग्लंडमध्ये २०१६–१७ मध्ये फॉक्सहाउंडच्या एका कळपात गोवंशीय क्षय पसरला, तेव्हा संशय मेलेल्या जनावरांच्या कच्च्या अवयवांवरच गेला. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कच्चा सॅमन खाऊन कुत्री दगावतात.

नुसते मांस हा पूर्ण आहार नव्हे, ही दुसरी मोठी अडचण. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. कुत्र्याला कॅल्शियम किमान फॉस्फरसइतके तरी लागते. फक्त खिम्यावर वाढलेल्या पिल्लांची हाडे ठिसूळ होऊन वाकतात. हाडे शिजवून दिली तर त्यांचे अणकुचीदार तुकडे होऊन आतड्याला इजा होते. कोरड्या खाद्याचे दोष वेगळे आहेत. धान्याला बुरशी लागली तर अफ्लाटॉक्सिन तयार होते. २००५च्या अखेरीस अमेरिकेत अशा दूषित खाद्याने अनेक कुत्री मेली. उघड्या पोत्यातली चरबी खवट होते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात हे फार लवकर घडते. दाण्यात पाणी दहा टक्क्यांच्या आत असते, म्हणून शेजारी भरलेले भांडे हवेच. कुठलेही अन्न कामाच्या तोंडावर भरपेट देऊ नये. खोल छातीच्या कुत्र्यांचे पोट फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका असतो. मुख्य जेवण काम संपून कुत्रा शांत झाल्यावर द्यावे.

भारतात शिजवलेले मांस, भात किंवा पोळी आणि दूध ही पद्धत जुनी आहे, आणि तयार खाद्याच्या जाहिरातींनी तिला जेवढे कमी लेखले तेवढी ती वाईट नाही; कॅल्शियम आणि चरबीचे मोजमाप नीट ठेवले तर ती चांगली चालते. आपल्याकडच्या बहुतेक पोलिसी, पहाऱ्याच्या आणि राखणीच्या कुत्र्यांचे काम मध्यम श्रमाचे असते. अशांसाठी चांगल्या प्रतीचे कोरडे खाद्य पाया म्हणून पुरते. जास्त धावपळीच्या दिवसांत त्यात शिजवलेले मांस, अंडे किंवा चरबी वाढवावी, आणि कुठलाही बदल आठवड्या-दहा दिवसांत हळूहळू करावा. कच्च्या मांसाची वाट फक्त तपासणी झालेले मांस, खात्रीची शीतपेटी आणि पशुवैद्याची देखरेख ज्यांच्याकडे आहे त्यांनी धरावी. महाराष्ट्रातही मेंढ्या-जनावरांत हायडॅटिड गाठी आढळतात, आणि उघड्यावरची कत्तल अजून थांबलेली नाही. म्हणून मेंढपाळ बांधवांना आणि खाटकांना विनंती, की गाठी असलेले काळीज-फुप्फुस कुत्र्यापुढे टाकू नये, मेलेली मेंढी खोल पुरावी, आणि कळपाच्या कुत्र्याला पशुवैद्याच्या सल्ल्याने पट्टकृमीचे औषध वेळच्या वेळी पाजावे.