डेव्हिस, लिन
(२० मे १९४२– ). लांब उडीचा सुप्रसिद्ध ब्रिटिश खेळाडू. पुरुषांच्या लांब उडीत ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविणारा पहिला ब्रिटिश क्रीडापटू. वेल्समधील ग्लॅमॉर्गन परगण्यातील नँटीमोएल या कोळशाच्या खाणींच्या गावी, एका खाणकामगाराच्या कुटुंबात जन्म. शालेय वयात फुटबॉल व तिहेरी उडी यांकडे त्याचा ओढा होता. १९६१ च्या सुमारास वेल्सचा क्रीडाप्रशिक्षक रॉन पिकरिंग याचे त्याच्याकडे लक्ष गेले. कार्डिफ येथील अध्यापक महाविद्यालयात शिकत असतानाच पिकरिंगच्या मार्गदर्शनाखाली त्याने लांब उडीचा पद्धतशीर सराव केला. या उडीचे यश मुख्यतः धावेच्या वेगावर अवलंबून असते आणि डेव्हिसचा वेग असामान्य होता. शंभर मीटरच्या धावण्यातही तो ब्रिटनकडून उतरला, यावरून याची कल्पना येईल. १९६२ मध्ये पर्थच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत त्याला चौथा क्रमांक मिळाला.

टोकिओ ऑलिंपिकमध्ये (१९६४) लांब उडीची अंतिम फेरी १८ ऑक्टोबर रोजी झाली. अमेरिकेचा राल्फ बोस्टन हा १९६० चा ऑलिंपिक विजेता व तेव्हाचा जागतिक उच्चांकाचा मानकरी, तर रशियाचा इगॉर तेर-ओव्हानेस्यान हा त्याचा जुना प्रतिस्पर्धी. या दोघांखेरीज तिसऱ्या कोणाचा विचारही जाणकार करीत नव्हते. त्या दिवशी मात्र पाऊस व थंडी होती, समोरून वारा वाहत होता आणि कोळशाच्या राखेची धावपट्टी चिखलाने जड झाली होती. अशा स्थितीत उंची प्रतीच्या खेळाडूंचाही धावेचा अंदाज चुकतो. वेल्सच्या पावसात सराव केलेल्या डेव्हिसला ही हवा परकी नव्हती. पाचव्या उडीच्या वेळी क्रीडागाराच्या माथ्यावरील ध्वज खाली लोंबला. थोड्याच वेळात धावपट्टीवरील वाराही पडेल, हे ओळखून त्याने धाव घेतली व ८.०७ मी. उडी मारली. बोस्टनने शेवटच्या उडीत ८.०३ मी. अंतर गाठले. तेर-ओव्हानेस्यान ७.९९ मी. उडीने तिसरा आला. केवळ चार सेंटिमीटरांनी मिळालेला हा विजय काहींनी पावसाचे दान मानला. परंतु पाऊस तिघांवरही सारखाच पडत होता, हे विसरून चालणार नाही. चारच दिवसांपूर्वी मेरी रँड हिने ६.७६ मी. असा जागतिक उच्चांक करून स्त्रियांच्या लांब उडीचे सुवर्णपदक पटकाविले होते. त्यामुळे या क्रीडाप्रकारातील दोन्ही विजेतेपदे ब्रिटनकडे आली.

टोकिओचा विजय योगायोगाचा नव्हता, हे डेव्हिसने १९६६ साली दाखवून दिले. त्या वर्षी किंग्स्टन (जमेका) येथील राष्ट्रकुल स्पर्धांत त्याने सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर बूडापेस्ट येथे ७.९८ मी. उडी मारून, तेर-ओव्हानेस्यानला मागे टाकून, त्याने यूरोपीय अजिंक्यपदही जिंकले. ऑलिंपिक, राष्ट्रकुल व यूरोपीय ही तिन्ही विजेतेपदे एकाच वेळी धारण करणारा तो पहिला ब्रिटिश क्रीडापटू होय.

१९६८ च्या जूनमध्ये बर्न (स्वित्झर्लंड) येथे त्याने ८.२३ मी. उडी मारली. ही त्याची सर्वोत्तम उडी. त्याच वर्षी मेक्सिको सिटी ऑलिंपिकच्या उद्घाटनप्रसंगी ब्रिटिश संघाचा ध्वज त्याच्या हाती होता आणि विजेतेपद राखण्याच्या अपेक्षेने तो मैदानात उतरला. अंतिम फेरी पुन्हा १८ ऑक्टोबरलाच आली. अमेरिकेच्या बॉब बीमनने पहिल्याच उडीत ८.९० मी. अंतर तोडले. आधीचा जागतिक उच्चांक ८.३५ मी. होता; म्हणजे तो एकदम ५५ सेंमी. नी मागे पडला. समुद्रसपाटीपासून सु. २,२४० मी. उंचीवरील विरळ हवा, नियमाने मान्य होणाऱ्या कमाल मर्यादेचा पाठीमागचा वारा व कृत्रिम धावपट्टी यांचे साहाय्य बीमनला झाले खरे. पण ते इतरांनाही उपलब्ध होते. तू हा क्रीडाप्रकारच संपवून टाकलास, अशा अर्थाचे उद्गार डेव्हिसने बीमनजवळ काढल्याचे सांगतात. त्याचे मन त्या स्पर्धेतून उडाले आणि ७.९४ मी. उडीसह तो नववा आला. वास्तविक रौप्यपदक ८.१९ मी. उडीला मिळाले, म्हणजे चार महिन्यांपूर्वीची बर्नची उडी त्यासाठी पुरेशी ठरली असती. उच्चांक हातचा गेला, तरी स्पर्धा संपलेली नव्हती. टोकिओत हे भान त्याने शेवटपर्यंत राखले होते. मेक्सिकोत ते सुटले.

पुढे १९६९ मध्ये त्याने अथेन्स येथे यूरोपीय रौप्यपदक व १९७० मध्ये एडिंबरो येथे ८.०६ मी. उडीने राष्ट्रकुल विजेतेपद मिळविले. म्यूनिक ऑलिंपिकमध्ये (१९७२) मात्र तो अंतिम फेरी गाठू शकला नाही. निवृत्तीनंतर १९७३–७६ या काळात तो कॅनडाच्या मैदानी क्रीडासंघटनेचा तांत्रिक संचालक होता. नंतर ब्रिटनच्या मैदानी क्रीडासंघटनेचे अध्यक्षपदही त्याने भूषविले. ब्रिटिश शासनाने त्याला एम्‌.बी.ई. (१९६७) व सी.बी.ई. (२००६) हे किताब दिले. त्याचा ८.२३ मी. चा ब्रिटिश उच्चांक ३४ वर्षे टिकला. २००२ मध्ये क्रिस टॉमलिन्सनने ८.२७ मी. उडीने तो मोडला. बीमनचा उच्चांक माइक पॉवेलने १९९१ मध्ये टोकिओतच ८.९५ मी. उडी मारून मागे टाकला. पुरुषांच्या लांब उडीतील दुसरे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळण्यास ब्रिटनला लंडन ऑलिंपिकपर्यंत (२०१२), ग्रेग रदरफर्डच्या ८.३१ मी. उडीपर्यंत, वाट पाहावी लागली.