ऊराऊरी भेटीची गोष्ट

परीक्षेचा शेवटचा पेपर सुटला, की रत्नागिरीतल्या कॉलेजांच्या फाटकाशी एक दृश्य हमखास दिसतं. मुलं-मुली एकमेकांना मिठी मारून निरोप घेतात. शेजारून जाणारे एखादे आजोबा मान फिरवतात आणि पुटपुटतात, ‘आपल्याकडे हे असलं नव्हतं हो!’

खरंच नव्हतं का? आधी आपल्या भाषेलाच विचारू या. कडकडून भेटणं, ऊराऊरी भेटणं, गळाभेट, क्षेमालिंगन... मिठीला आपल्याकडे शब्दांची वाण नाही. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज आणि अफझलखान समोरासमोर आले, तेव्हाही आधी आलिंगन झालं. शत्रूच्या भेटीलासुद्धा तो रिवाज होता. पंढरीच्या वाटेवर वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, ऊराऊरी भेटतात. ईदच्या नमाजानंतर आपल्याच शहरात गळाभेटी होतात. आणि शिमग्यात तर दोन गावांच्या पालख्या, म्हणजे प्रत्यक्ष देवच, एकमेकांना भेटतात!

मग आजोबांचं चुकलं का? अगदीच तसंही नाही. जुनी मिठी प्रसंगाची होती. सणाची, वारीची, फार दिवसांनी झालेल्या भेटीची. रोजच्यासाठी रामराम पुरे. शिवाय पुरुष पुरुषाला भेटे, बाई बाईला. मुलामुलींनी मोकळेपणी बोलणंसुद्धा अवघड, तिथे मिठी कुठली?

आणखी एक कुंपण होतं, ते जातीचं. वारीत गळ्यात पडलेली माणसं गावी परतली, की पुन्हा विटाळ पाळत. आपल्या रत्नागिरीतच १९३१ साली भागोजीशेठ कीर यांनी पतितपावन मंदिर बांधून दिलं, स्थानबद्धतेत असलेल्या सावरकरांनी त्यासाठी पुढाकार घेतला. सर्व जातींच्या हिंदूंना तिथे प्रवेश होता. देवळात शेजारी उभं राहणं हीच तेव्हा मोठी गोष्ट होती. अस्पृश्यता कायद्याने संपली ती १९५० साली, राज्यघटनेने. कॉलेजच्या त्या फाटकाशी कुणी आडनाव विचारून मिठी मारताना मी तरी पाहिलेलं नाही. आजोबांनी एवढं जरूर पाहावं.

‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ २००३ साली आला आणि ‘जादू की झप्पी’ घराघरांत पोचली. पुढे २०२० मध्ये करोनाने सगळ्यांनाच हातभर लांब उभं केलं. जवळ घेण्याची किंमत तेव्हा आजोबांनाही कळली, नातवंडांनाही.

आता चार शब्द मुलांसाठी. कुंपण मोडलं म्हणजे सक्ती करायची मुभा मिळाली, असं नव्हे. एखादी मैत्रीण नुसते हात जोडत असेल, एखादा मित्र लांबूनच हसत असेल, तर त्यांना ‘जुनाट’ म्हणू नका. कुणी कुणाला शिवायचं नाही, हे एके काळी समाज ठरवत होता. कुणी आपल्याला जवळ घ्यायचं, हे आता ज्याचं त्याने ठरवायचं आहे. समोरच्याचे हात पुढे आले तर मिठी मारावी, जोडलेले असतील तर आपणही जोडावेत. भेट दोन्ही प्रकारे होतेच की!