काडी मोडली, तरी मूल उरतें

वर्धाकांठचा मोर्शी तालुका संत्र्यांच्या बागांसाठीं प्रसिद्ध आहे. वऱ्हाडच्या ह्या भागांत कित्येक जातींत काडीमोडीची रीत पूर्वापार होती. पंचांसमक्ष काडी मोडली, कीं नवराबायको मोकळीं होत. परंतु पदरीं आंधळें किंवा बुद्धीनें अधू मूल असल्यास त्याचा भार कोणीं वाहावा, हा प्रश्न उरे.

प्राचीन शास्त्रकारांनीं त्याचें अर्धें उत्तर देऊन ठेविलें होतें. जन्मांध, बधिर, मुका व वेडा यांस मनु व याज्ञवल्क्य यांनीं वारशांत वाटा नाकारला; मात्र त्यांस अन्नवस्त्र दिलेंच पाहिजे, असें बजाविलें. वाट्याची ती आडकाठी १९२८ च्या कायद्यानें बहुतांशीं व १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें पूर्णपणें दूर झाली.

अन्नवस्त्राचा हक्क बजावण्याची सोपी वाट १८९८ च्या फौजदारी संहितेच्या कलम ४८८ नें दाखविली. मूल औरस असो वा अनौरस, तें स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ असल्यास ऐपतदार बापानें पोटगी द्यावी. न दिल्यास कैद भोगावी. रकमेची कमाल मर्यादा प्रथम दरमहा ५० रुपये होती. ती १९२३ मध्यें १०० व १९५५ मध्यें ५०० झाली. काडीमोड होतांच स्त्रीचा पत्नी म्हणून असलेला हक्क ह्या कलमाखालीं संपे. मुलाचा मात्र संपत नसे. बापलेकाचें नातें पंचांच्या हातीं नव्हतें.

तथापि मूल वयांत आल्यावर काय, हें त्या कलमांत स्पष्ट नव्हतें. १९७३ च्या संहितेच्या कलम १२५ नें तो संशय फेडला. शारीरिक वा मानसिक व्यंगामुळें असमर्थ असलेलें सज्ञान मूलही, विवाहित कन्या वगळून, पोटगीस पात्र ठरलें. घटस्फोटितेसही हक्क मिळाला. २००१ मध्यें रकमेची मर्यादा गेली. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्यें आहे. १९५६ चा हिंदु दत्तक व पोटगी कायदा आईलाही बांधून घेतो. परंतु त्यांत मुलग्याचा हक्क तो सज्ञान होतांच सरतो. म्हणून अपंग प्रौढ मुलग्यास फौजदारी संहितेचाच आधार मोठा.

पण ज्याच्या आईबापांचा पत्ताच नाहीं, त्यानें हुकूम कोणावर मागावा? ह्याच जिल्ह्यांत परतवाड्याजवळ वझ्झर येथें शंकरबाबा पापळकर यांनीं अशा बेवारस अपंग मुलांस आपलेंसें केलें. अठरा वर्षें पूर्ण होतांच त्यांस बालगृहाबाहेर घालवूं नये, हा त्यांचा आग्रह. २०२४ मध्यें त्यांस पद्मश्री मिळाली. वय वाढलें म्हणून असमर्थता सरत नाहीं, हें कायद्यानें आईबापांपुरतें मान्य केलें आहे. समाजानें स्वतःपुरतें तें मान्य करणें अद्याप बाकी आहे.