शून्याची मागणी : सी भाषेतील स्मृतिवाटपाचा एक वाद

सी भाषेत आज्ञावलीला लागणारी स्मृती मागून घ्यावी लागते व काम झाल्यावर परत करावी लागते. मॅलॉक जागा देते, रिअ‍ॅलॉक ती लहानमोठी करते आणि फ्री ती परत घेते. परंतु मागणीच शून्य आकाराची असल्यास काय व्हावे? वरवर पोरकट भासणाऱ्या या प्रश्नाने मानककारांना कित्येक दशके गुंतवून ठेवले.

बेल प्रयोगशाळेतील युनिक्सच्या सातव्या आवृत्तीच्या (१९७९) माहितीपुस्तिकेत या फंक्शनांचे वर्णन आढळते. त्यातील दोन नोंदी आजच्या वाचकास चकित करतील. फ्रीने सोडलेली जागादेखील, मध्यंतरी दुसरी मागणी झाली नसल्यास, रिअ‍ॅलॉककडे देता येत असे. विखुरलेली स्मृती एकत्र आणण्याची ती एक युक्तीच होती. दुसरी नोंद दोषांच्या सदरातील आहे : रिअ‍ॅलॉक अयशस्वी झाल्यास मूळ जागेतील मजकूरही नष्ट होऊ शकतो. हा दोष लपविला गेला नाही, हे त्या पुस्तिकेचे मोठेच श्रेय मानले पाहिजे.

पुढे परंपरा दुभंगली. सिस्टिम व्ही पंथात शून्याच्या मागणीस नल पॉइंटर मिळे, तर बर्कली पंथात एक स्वतंत्र, वैध पॉइंटर. दोंडाईच्याच्या मिरची बाजारात कोणी वखारीत शून्य पोत्यांची जागा मागितली, तर एक वखारदार रिकाम्या हाती परत पाठवील, दुसरा पावती फाडून देईल. तसाच हा प्रकार. १९८९ च्या अमेरिकन मानकाने दोन्ही रीती ग्राह्य धरल्या व निवड ज्याच्या त्याच्यावर सोपविली. अयशस्वी रिअ‍ॅलॉकने मूळ जागेस धक्का लावू नये, हे मात्र तेथे निश्चित झाले.

खरी अडचण रिअ‍ॅलॉकच्या शून्यात होती. त्याच मानकाने आकार शून्य असल्यास मूळ जागा मुक्त होईल असे म्हटले. पण त्या वेळी परत काय मिळेल, हे संदिग्धच राहिले. नल मिळाल्यास त्याचा अर्थ ‘जागा मुक्त झाली’ असा घ्यावयाचा की ‘मागणी फसली, जुनी जागा शाबूत आहे’ असा? दुसरा अर्थ घेणारा आज्ञावलीकार तीच जागा पुन्हा फ्रीकडे देतो आणि वाटपाची अंतर्गत नोंदवही बिघडते. १९९९ च्या मानकातून ते वाक्य गळले, तथापि ग्लिबसीसारखी ग्रंथालये जुन्या वाक्याप्रमाणेच वागत राहिली.

हा केवळ शब्दच्छल नव्हता. २०१९ मध्ये अँड्रॉइडवरील व्हॉट्सअ‍ॅपमध्ये, जिफ चित्रे उलगडणाऱ्या एका ग्रंथालयामुळे, नेमका असा दुहेरी मुक्तीचा दोष उघड झाला. चित्रचौकटीचा आकार शून्य दाखविला की जागा मुक्त होई, आणि पुढची तशीच चौकट ती पुन्हा मुक्त करी. मुद्दाम रचलेल्या जिफ फाइलच्या आधारे परक्या यंत्रावर हवी ती आज्ञा चालविण्यास एवढी फट पुरेशी होती.

सी १७ या आवृत्तीने रिअ‍ॅलॉकचा असा वापर कालबाह्य ठरविला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सी २३ ने त्याचे वर्तन अनिर्धारित घोषित केले. म्हणजे १९८९ साली ज्याची हमी होती, तेच आता निषिद्धप्राय झाले. मतभेद प्रामाणिकपणे मान्य करण्याचा हा मार्ग खरा, पण जुन्या हमीवर विसंबून लिहिलेल्या आज्ञावल्यांचा भार त्याने त्यांच्या कर्त्यांवरच टाकला. मॅलॉकविषयीची १९८९ ची द्विपर्यायी तरतूद मात्र सी २३ मध्येही कायम आहे.